डांबरी पन्हळी पत्रा की धातूचा पत्रा? छप्पर निवडताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवे छप्पर घालताना किंवा जुने बदलताना डांबरी पन्हळी पत्रा आणि धातूचा पत्रा यांतून निवड कशी करावी, याविषयी सतत येणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जेथे एका प्रश्नाचा संबंध दुसऱ्याशी येतो तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. मापे आणि अंतरे प्रचलित आकाराच्या पत्र्यांची आहेत. तुमच्या पत्र्यासोबत आलेल्या सूचनापत्रकात वेगळा आकडा असेल, तर तोच प्रमाण मानावा.

१. डांबरी पन्हळी पत्रा नेमका कशाचा बनलेला असतो? त्यात ॲस्बेस्टॉस असते का?

नसते. सेल्युलोजचे तंतू, जे बहुधा रद्दी कागदापासून मिळवलेले असतात, त्यांच्या लगद्याला पन्हळी आकार देऊन तो वाळवतात आणि मग तापवलेल्या डांबरात पुरता मुरवतात. वरच्या बाजूचा रंग खनिज रंगद्रव्ये आणि रेझिन यांचा असतो. तंतूंमुळे आकार टिकतो आणि डांबरामुळे पाणी अडते. फ्रान्समध्ये १९४४ साली सुरू झालेल्या ओंड्युलिन कंपनीमुळे हा प्रकार इतका पसरला की अनेक देशांत कोणत्याही कंपनीचा डांबरी पत्रा त्याच नावाने ओळखला जातो. युरोपात या पत्र्यासाठी ईएन ५३४ हे मानक आहे.

प्रचलित पत्रा २ मीटर लांब, ९५ सेंटिमीटर रुंद आणि सुमारे ३ मिलिमीटर जाड असतो. त्याला १० पन्हळी असतात, प्रत्येक पन्हळ ३८ मिलिमीटर उंच असते आणि एका पत्र्याचे वजन साडेसहा किलोच्या आतबाहेर भरते. सपाट डांबरी शिंगल किंवा गच्चीवर अंथरायचा डांबरी थर या वेगळ्या वस्तू आहेत. पुढील उत्तरे त्यांना लागू होत नाहीत.

२. ‘धातूचा पत्रा’ म्हणजे कोणता समजायचा? दुकानात तर अनेक नावे ऐकू येतात.

पोलादाचा आणि ॲल्युमिनियमचा, असे दोन मुख्य गट आहेत. पोलादी पत्र्यावर एकतर निव्वळ जस्ताचा मुलामा असतो, किंवा गॅल्व्हल्यूम या नावाने ओळखला जाणारा मिश्र मुलामा असतो, ज्यात वजनाने ५५ टक्के ॲल्युमिनियम, ४३.४ टक्के जस्त आणि १.६ टक्के सिलिकॉन असते. या दोहोंपैकी कोणत्याही मुलाम्यावर कारखान्यात रंग भाजून बसवला की तो ‘कलर कोटेड’ पत्रा झाला. रंग हे वरचे पांघरूण आहे, गंजाशी खरी झुंज मुलामा देतो. त्यामुळे निव्वळ रंग पाहून पत्रा घेऊ नये.

पन्हळी लोखंडी पत्र्याचे पेटंट हेन्री पामर यांनी १८२९ मध्ये घेतले, तर लोखंडावर जस्त चढवण्याचे पेटंट स्तानिस्लास सोरेल यांनी १८३७ मध्ये. ताकद आणि गंजरोध या मुळातच दोन वेगळ्या गोष्टी आहेत, म्हणून विक्रेत्यालाही दोन प्रश्न वेगवेगळे विचारावेत. पहिला प्रश्न असा की सांगितलेली जाडी मूळ पोलादाची आहे की मुलामा आणि रंग धरून आहे? एकूण जाडी ०.४७ मिलिमीटर सांगितली जाते तेव्हा आतले पोलाद ०.४२ मिलिमीटरच असू शकते. दुसरा प्रश्न मुलाम्याच्या वजनाचा. ‘झेड २७५’ याचा अर्थ दोन्ही बाजू मिळून दर चौरस मीटरला २७५ ग्रॅम जस्त, म्हणजे प्रत्येक बाजूला साधारण २० मायक्रॉनचा थर (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). या दोन प्रश्नांची उत्तरे न देता केवळ ‘एक नंबर माल’ सांगणाऱ्याकडून पत्रा घेऊ नये.

३. एका वाक्यात सांगा, चांगला कोणता?

एका वाक्यात सांगायचे तर, पत्रा निवडण्याआधी त्याखालचा सांगाडा पाहावा. जवळजवळ रिपा असलेले लाकडी छप्पर, लहान पाखे (छपराची उतरती बाजू), पावसाच्या आवाजाचा त्रास किंवा गोठ्यासारखी गंजाला पोषक हवा असेल तर डांबरी पत्र्याकडे झुकावे. लांब गाळे, लोखंडी कैच्या, आगीची जोखीम, छपरावर पुढे येणारी यंत्रे, किंवा पिण्यासाठी पाणी साठवण्याचा विचार असेल तर धातूकडे. बहुतेक तक्रारींच्या मुळाशी पत्र्याचा दोष नसतो, एका पत्र्याच्या सांगाड्यावर दुसरा पत्रा ठोकलेला असतो (प्रश्न ५).

४. आमच्या छपराला उतार फारच कमी आहे. कोणता पत्रा चालेल?

उतार आधी मोजून घ्यावा, कारण डोळ्यांचा अंदाज येथे हमखास चुकतो. एक मीटर आडव्या अंतरात पाखे ९ सेंटिमीटर उतरत असेल तर उतार सुमारे ५ अंश असतो, साडेसतरा सेंटिमीटर उतरत असेल तर १० अंश, आणि २७ सेंटिमीटर उतरत असेल तर १५ अंश.

डांबरी पत्रा ५ अंशांखाली वापरू नये. ५ ते १० अंशांपर्यंत तो वापरता येतो, पण त्याखाली सलग फळ्या किंवा प्लायवूड लागते, वरच्या पत्र्याचा खालच्यावर ३० सेंटिमीटर लॅप द्यावा लागतो आणि बाजूला एकाऐवजी दोन पन्हळी चढवाव्या लागतात. धातूच्या पत्र्याची मोठी सोय येथे दिसते. तो कारखान्यातून आढ्यापासून वळचणीपर्यंत एकाच लांबीत आणता येतो, त्यामुळे मधला आडवा सांधाच उरत नाही, आणि कमी उतारावर पाणी नेमके त्याच सांध्यातून उलटे शिरत असते. खोल घडीचे धातूचे पत्रे ५ अंशांच्या आसपासही निभावतात; उथळ, साध्या पन्हळीच्या पत्र्याला मात्र याहून जास्त उतार लागतो. ५ अंशांहून कमी उतार असेल तर पन्हळी डांबरी पत्र्याचा विचार सोडून उभ्या घडीच्या शिवणीचे धातूचे छप्पर किंवा सलग जलरोधक थर यांकडे वळावे.

५. आमच्याकडे आधीच लोखंडी पर्लिन (पत्रा ज्यांवर टेकतो ते आडवे आधार) आहेत. त्यांवरच डांबरी पत्रा टाकला तर?

सर्वाधिक विचारला जाणारा आणि सर्वाधिक महागात पडणारा प्रश्न हाच आहे. धातूच्या पत्र्यासाठी दोन पर्लिनमधले अंतर पत्र्याच्या घडीची खोली आणि जाडी यांनुसार साधारण १ ते दीड मीटर ठेवतात. डांबरी पत्र्याला इतके अंतर झेपत नाही. उतार १५ अंशांहून जास्त असेल तर त्याला दर ६० सेंटिमीटरवर आधार लागतो, १० ते १५ अंशांना ४५ सेंटिमीटरवर, आणि १० अंशांहून कमी उतारावर सलग फळ्यांचे पाटण लागते. हे अंतर केवळ माणसाच्या वजनासाठी ठरवलेले नाही. डांबर उन्हाने मऊ होते, आणि आधार लांब असतील तर पत्रा स्वतःच्याच वजनाने दोन आधारांमध्ये हळूहळू झोळ धरतो. पहिल्या वर्षी छप्पर सरळ दिसते, दोन-तीन उन्हाळ्यांनंतर पाख्यावर नजर तिरकी टाकली की लाटा दिसू लागतात, सांधे उघडतात आणि गळती सुरू होते. एकदा बसलेला झोळ परत सरळ होत नाही.

सहा मीटर लांबीच्या पाख्याचे उदाहरण घ्या. धातूच्या पत्र्यासाठी १.२ मीटर अंतराने ६ पर्लिन पुरतात. तेथेच ६० सेंटिमीटर अंतराने ११ आधार लागतात आणि ४५ सेंटिमीटर अंतराने १५. म्हणजे धातूच्या पत्र्यासाठी उभारलेल्या सांगाड्यावर डांबरी पत्रा घालायचा असेल तर मध्ये नव्या रिपा भरणे अटळ आहे. उलट, कौलारू किंवा जुन्या लाकडी छपराच्या रिपा आधीच जवळजवळ असतात. तेथे डांबरी पत्रा फारशा खटपटीविना बसतो. रिपा कुजलेल्या किंवा वाकलेल्या असतील तर त्या आधी बदलाव्यात, कारण लवचीक पत्रा खालच्या रिपेचा प्रत्येक वाक जसाच्या तसा वर दाखवतो.

६. डांबरी पत्रा नगावर स्वस्त दिसतो. मग एकूण छप्परही स्वस्त पडेल ना?

नगाच्या किमतीवरून काहीच ठरत नाही, कारण पत्र्याचा झाकणारा भाग लॅपनंतर बराच कमी होतो. २ मीटर × ९५ सेंटिमीटरचा पत्रा कागदावर १.९ चौरस मीटरचा असतो. १५ अंशांहून जास्त उतारावर १७ सेंटिमीटरचा आडवा लॅप आणि बाजूची एक पन्हळ वजा केली की सुमारे १.५६ चौरस मीटर हाती लागतात. ५ ते १० अंशांच्या उतारावर हाच पत्रा जेमतेम १.२९ चौरस मीटर झाकतो. म्हणून १०० चौरस मीटर पाख्याला पहिल्या स्थितीत ६४ पत्रे लागतात आणि दुसऱ्या स्थितीत ७८, आणि दुसऱ्या स्थितीत खालच्या फळ्यांचा खर्च निराळा. यात कापाकापीची नासाडी धरलेली नाही.

प्रत्येक डांबरी पत्र्याला सुमारे २० खिळे लागतात, म्हणजे ६४ पत्र्यांना तेराशेच्या घरात. हिशेब मांडताना पत्रे, रिपा, खिळे किंवा स्क्रू, आढ्याचे तुकडे, कडेच्या पट्ट्या आणि मजुरी हे सर्व एका कागदावर दोन रकान्यांत लिहावे. धातूच्या बाजूला वाहतूक आणि लांब पत्रे वर चढवण्याची अडचण मोजावी. डांबरी पत्रा दोन माणसे सहज उचलतात आणि अरुंद वाटेनेही नेता येतो.

७. उन्हाळ्यात कोणत्या छपराखाली कमी उकडेल?

उघड्या छपराखाली दोन्हींत उकडते. डांबरी पत्रा ‘उष्णतारोधक’ असल्याचे वारंवार सांगितले जाते, पण ३ मिलिमीटर जाडीत येऊन येऊन किती रोध येणार? त्याचा उष्णतारोध ढोबळमानाने ०.०१५ भरतो, तर ५० मिलिमीटर जाड खनिज लोकरीचा १.२५, म्हणजे ऐंशी पटींहून अधिक. पोलादाचा रोध तर शून्यातच जमा आहे. हात लावल्यावर धातू जास्त चटका देतो हे खरे, पण खोलीतला उकाडा त्यावरून ठरत नाही.

फरक पडतो तो तीन गोष्टींनी. पहिली रंग: फिका पृष्ठभाग ऊन परतवतो आणि गडद ते गिळतो, डांबरी पत्रे बहुधा गडद रंगांत येतात, त्यामुळे येथे फिक्या रंगाचा धातूचा पत्रा पुढे जातो. दुसरी हवा खेळणे: वळचणीला हवा आत येण्याची आणि आढ्याला बाहेर पडण्याची वाट असेल तर पत्र्याखालची तापलेली हवा साठत नाही. तिसरी, छताखालचा रोधक थर. राहत्या जागेवर या तिसऱ्या गोष्टीला पर्याय नाही, मग वर कोणताही पत्रा असो.

८. आणि पावसाचा आवाज?

येथे डांबरी पत्रा निःसंशय सरस आहे. डांबर आणि तंतू थेंबाचा धक्का आतल्या आत जिरवतात, तर ताणलेला पातळ धातू ताशासारखा वाजतो. धातूच्या छपराखाली पत्र्याला चिकटून रोधक थर दिला आणि त्याखाली भरीव छत असले तर आवाज पुष्कळ कमी होतो. वर्ग किंवा रुग्णांची खोली असेल आणि छताचा खर्च शक्य नसेल, तर केवळ या एका कारणासाठीही डांबरी पत्रा निवडणे रास्त ठरते.

९. पत्र्याला कोठेही भोक नाही, तरी पहाटे आतून पाणी ठिबकते. असे का?

ते पाऊस नव्हे, दव आहे. निरभ्र रात्री पत्रा आकाशाकडे उष्णता फेकून हवेपेक्षाही थंड होतो आणि आतल्या दमट हवेतील बाष्प त्याच्या खालच्या बाजूस निवून त्याचे थेंब होतात. माणसांचा श्वास, स्वयंपाक, जनावरे, ओले धान्य, नुकतेच ओतलेले काँक्रीट, अशा सर्वांतून हे बाष्प येते. धातूच्या पत्र्यावर थेंब लवकर जमतात. डांबरी पत्र्यावर ते उशिरा आणि कमी जमतात, पण मुळीच जमणार नाहीत असे कोणी सांगितले तर मानू नये. हवा खेळती ठेवणे, छताच्या उबदार बाजूला बाष्परोधक थर देणे, किंवा खालून ओलावा शोषणारा कापडी थर असलेला धातूचा पत्रा घेणे हे यावरचे उपाय आहेत. असे छप्पर सीलंट थापून बरे होत नाही.

१०. कोणता पत्रा किती वर्षे टिकतो?

एकच आकडा सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. जस्ताच्या बाबतीत निदान हिशेब मांडता येतो. आयएसओ ९२२३ या मानकानुसार मध्यम गंजकारक हवेत जस्त वर्षाला ०.७ ते २.१ मायक्रॉन झिजते, आणि अतिशय गंजकारक हवेत ४.२ ते ८.४ मायक्रॉन. प्रश्न २ मधला २० मायक्रॉनचा थर पहिल्या हवेत साधारण १० ते २८ वर्षे पुरेल, दुसऱ्या हवेत पाच वर्षेही पुरणार नाही. हा काळ जस्त संपेपर्यंतचा आहे. पोलादाला भोक पडायला त्यापुढेही वेळ लागतो. रंगाचा थर वर असेल तर तो शाबूत असेपर्यंत जस्ताची झीज जवळपास थांबते, आणि मिश्र मुलामा तेवढ्याच जाडीच्या निव्वळ जस्तापेक्षा बहुतेक ठिकाणी जास्त टिकतो.

डांबरी पत्रा गंजत नाही, पण म्हातारा होतो. उन्हाने रंग उडतो, डांबरातील तेलकट अंश हळूहळू कमी होतो आणि पत्रा ठिसूळ होत जातो. त्याचे आयुष्य आधारांच्या अंतरावर आणि उन्हावर जास्त अवलंबून असते. हमीपत्र वाचताना हमी केवळ पाणी न झिरपण्याची आहे की रंगाचीही, हे नीट पाहावे. बहुधा ती पाण्यापुरतीच असते.

११. समुद्रकिनारा किंवा जनावरांचा गोठा असेल तर?

दोन्ही ठिकाणी साधा जस्ती पत्रा टाळावा. किनाऱ्यावर खारे तुषार मुलामा खातात, आणि जेथे पाऊस पोचत नाही तो वळचणीखालचा भाग सर्वांत आधी गंजतो, कारण तेथले मीठ धुऊन जात नाही. गोठ्यात शेण-मूत्रातून उठणारा अमोनिया आणि दमटपणा पत्र्याला खालून पोखरतात, म्हणून वरून नवाकोरा दिसणारा पत्राही आतून संपलेला असू शकतो. गोठ्यासाठी डांबरी पत्रा चांगला. किनाऱ्यावर डांबरी पत्रा किंवा ॲल्युमिनियम. मात्र दोन्ही ठिकाणी खिळे आणि स्क्रूही त्याच तोडीचे हवेत, नाहीतर पत्रा राहतो आणि खिळ्याचे डोके गळून पडते.

१२. आगीचा धोका कोणात अधिक?

डांबरी पत्रा जळतो. युरोपीय वर्गीकरणात तो सर्वसाधारणपणे ई वर्गात मोडतो, तर उघडे पोलाद अज्वलनशील मानले जाते. चुलीचे धुराडे, भट्टी, वेल्डिंगचे काम, फटाके किंवा वणव्याची शक्यता जेथे आहे तेथे आमचा कौल स्पष्टपणे धातूला आहे. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते, त्यामुळे धातूंमध्येही पोलाद सरस. काही ठिकाणी शेजारच्या इमारतीपासूनचे अंतर किंवा इमारतीचा वापर पाहून ज्वलनशील छपराला नियमानेच बंदी असते. पत्रा खरेदी करण्यापूर्वी बांधकाम परवान्याच्या अटी आणि विमा पाहून घ्यावा.

१३. जड पत्रा वाऱ्यात उडणार नाही, हे खरे का?

नाही. डांबरी पत्र्याचे वजन चौरस मीटरला साडेतीन किलोच्या आत असते आणि अर्धा मिलिमीटर पोलादी पत्र्याचे घडी धरून साडेचार-पाच किलो. ताशी १४४ किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला सुमारे ९८० न्यूटन, म्हणजे शंभर किलो वजनाइतका असतो, आणि कोपऱ्यांत, वळचणीला व आढ्याजवळ वरची ओढ याहूनही जास्त होऊ शकते. तेथे दीड किलोचा फरक कसला धरायचा? पत्रा धरून ठेवतात ते खिळे आणि स्क्रू, आणि त्यांना धरून ठेवते ती रीप. म्हणून कडेच्या पट्ट्यांत खिळे दाट मारावेत, रीप वाशाला आणि वासा भिंतीला नीट बांधावा, आणि डांबरी पत्रा वळचणीबाहेर ७ सेंटिमीटरपेक्षा जास्त काढू नये. पत्रे घालायला सुरुवात नेहमीच्या वाऱ्याच्या विरुद्ध बाजूने करावी, म्हणजे सांध्याचे तोंड वाऱ्याकडे राहत नाही.

१४. खिळा पन्हळीच्या माथ्यावर मारायचा की तळात?

डांबरी पत्र्यात नेहमी माथ्यावर, कारण पाणी तळातून वाहते. पत्र्याच्या खालच्या कडेला आणि लॅपवर प्रत्येक पन्हळीत, मधल्या रिपांवर एकाआड एक पन्हळीत. टोपी पत्र्याला टेकली की हात थांबवावा. आणखी एक घाव घातला तर माथा चेपतो, टोपीभोवती वाटी तयार होते आणि तीत पाणी साचते. लोखंडी पर्लिनवर खिळ्याऐवजी वॉशरचे सेल्फ ड्रिलिंग स्क्रू लागतात. दुसरी ओळ अर्ध्या पत्र्याने सुरू करावी, म्हणजे एका कोपऱ्यात चार पत्र्यांची चळत होत नाही.

धातूच्या पत्र्यात माथा सुरक्षित, तर तळातली पकड घट्ट. घडीच्या सपाट तळात स्क्रू मारण्याची पद्धत अनेक ठिकाणी रूढ आहे आणि ती चुकीची नाही, पण तेव्हा सगळी भिस्त रबरी वॉशरवर येते. वॉशर किंचित फुगेल इतकाच स्क्रू आवळावा. लांब पत्र्यांत तापमानाचाही विचार करावा: ५० अंशांच्या फरकाने १० मीटर पोलाद ६ मिलिमीटर वाढते आणि ॲल्युमिनियम सुमारे १२ मिलिमीटर.

१५. पत्रा कापण्यासाठी ग्राइंडर वापरला तर चालतो का?

धातूच्या रंगीत पत्र्यावर मुळीच नाही. ठिणग्या रंगात रुततात, कडेचा मुलामा जळतो आणि काही आठवड्यांत पाखेभर तांबडे ठिपके उठतात. पत्रा कापायची कात्री किंवा निबलर (पत्रा कुरतडत कापणारे यंत्र) वापरावा, आणि ड्रिलचा कीस त्याच संध्याकाळी मऊ झाडूने झाडून काढावा. डांबरी पत्रा साध्या करवतीने कापला जातो. पाते डांबराने चिकटू लागले की त्याला तेलाचा हात द्यावा.

१६. दुरुस्तीसाठी छपरावर चालता येते का?

धातूच्या पत्र्यावर पर्लिनच्या रेषेत, मऊ तळव्याची पादत्राणे घालून चालता येते. डांबरी पत्र्यावर थेट पाय न देता रिपांवर आडवी फळी किंवा शिडी टाकून चढावे, आणि भर उन्हात चढूच नये. जुना पत्रा वजनाने फुटून माणूस खाली पडू शकतो. शेवाळ काढण्यासाठी जोराच्या फवाऱ्याचे यंत्र वापरू नये, त्याने रंगाबरोबर तंतूही निघतात.

१७. छपरावरचे पावसाचे पाणी पिण्यासाठी साठवायचे आहे.

रंगीत पोलाद किंवा ॲल्युमिनियम घ्यावे, छपरावर शिसे कोठेही वापरू नये, पहिल्या सरींचे पाणी बाहेर सोडावे आणि साठवलेले पाणी शुद्ध करूनच प्यावे. डांबरी छपरावरचे पाणी, विशेषतः सुरुवातीला, पिवळट-तपकिरी उतरते. ते बागेला आणि धुण्याला वापरावे.

१८. पुढे सौर पॅनेल बसवण्याचा विचार आहे. आत्ताच काय पाहावे?

शक्य असेल तर धातूचा पत्रा निवडावा. त्याच्या घडीला किंवा खालच्या पर्लिनला पकडणारे तयार जोड मिळतात आणि पत्र्याचे आयुष्य पॅनेलच्या जवळपास जाते. डांबरी पत्रा पॅनेलचे वजन घेत नाही. प्रत्येक पाया पत्रा भेदून थेट वाशापर्यंत न्यावा लागतो आणि तितकी भोके कायमची राखावी लागतात. त्यात पॅनेलखालचा पत्रा आधी म्हातारा झाला तर सगळे उतरवून पुन्हा चढवावे लागेल.

१९. फिकट पडलेल्या छपराला पुन्हा रंग देता येतो का?

दोन्हींना येतो. डांबरी पत्र्यासाठी केवळ पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक रंग वापरावा, कारण टर्पेंटाइन किंवा थिनरवर आधारित रंग खालचे डांबरच विरघळवतो. धातूच्या पत्र्याला आधी गंज खरवडून योग्य प्रायमर द्यावा. नव्या चकचकीत जस्तावर नेहमीचा तैलरंग थेट दिला तर तो पापुद्र्याने सुटतो.

२०. जुने पत्रे न काढता त्यांवरच नवे टाकले तर चालेल?

चालू शकते, आणि हलका असल्याने डांबरी पत्रा यासाठी पुष्कळदा निवडला जातो. पण नवा खिळा किंवा स्क्रू जुन्या पत्र्यात न अडकता खालच्या भक्कम रिपेत किंवा पर्लिनमध्ये पोचला पाहिजे, आधारांचे अंतर प्रश्न ५ प्रमाणे असले पाहिजे, आणि सांगाडा वाढीव वजन पेलेल याची जाणकाराकडून खात्री करून घेतली पाहिजे. खालून गळती किंवा कूज चालू असेल तर वरून झाकणे म्हणजे ती लपवणे.

जुना पत्रा सिमेंटचा असेल तर त्यात ॲस्बेस्टॉस आहे असे धरूनच चालावे. त्यात भोके पाडू नयेत, तो घासू, तोडू किंवा कापू नये. त्यातून सुटणारे सूक्ष्म तंतू फुप्फुसात जाऊन कर्करोगास कारण होतात, आणि त्याचा परिणाम दशकांनी दिसतो. असे छप्पर प्रशिक्षित लोकांच्या ताब्यात द्यावे. पैसे वाचवण्याची जागा ही नव्हे.

२१. वरचे छप्पर डांबरी आणि खालची पडवी धातूची, अशी जोडी चालेल का?

दिसायला चालते, पण यात एक छुपी खोच आहे. उन्हाने डांबराचे विघटन होऊन त्याच्या पृष्ठभागावर आम्लधर्मी द्रव्ये तयार होतात, आणि त्यावरून वाहणारे पाणी, विशेषतः हलक्या सरीचे किंवा दवाचे, खालच्या उघड्या जस्ताला हळूहळू खाते. ज्या रेषेत थेंब पडतात तेथेच पांढरट आणि मग तांबडे पट्टे उमटतात. डांबरी छपराखालची पाणी वाहून नेणारी वळचणीची पन्हळ आणि पडवी म्हणून रंगाचा थर दिलेल्या धातूची किंवा प्लॅस्टिकची असावी. उलट रचना, म्हणजे वर धातू आणि खाली डांबरी पत्रा, या दृष्टीने निर्धोक आहे.

२२. धातूच्या छपरावर वीज जास्त पडते का? मोबाइलची रेंज जाते का?

वीज कोठे पडेल हे उंची आणि आसपासची रचना ठरवते. पत्रा धातूचा असल्याने ती ओढली जात नाही. मात्र नुसता पत्रा ही वीजरोधक यंत्रणा नव्हे, भूजोड (अर्थिंग) जाणकाराकडूनच करावी. रेंज कमी होते हे खरे आहे, डांबरी पत्र्याने ती होत नाही.

२३. आम्हाला कमानी छप्पर हवे आहे.

डांबरी पत्रा जागेवरच वाकवता येतो, पण कमानीची त्रिज्या ५ मीटरपेक्षा कमी नसावी आणि आधार जवळ घ्यावेत. याहून आवळ कमान हवी असेल तर कारखान्यात वळवून दिलेला धातूचा पत्रा मागवावा.

२४. पत्रा चांगल्या प्रतीचा आहे, तरी एकाच जागी भोके पडली आहेत. पत्रा फसवा निघाला का?

आधी त्या जागेवर वरून काय गळते ते पाहावे. तांब्याच्या नळीवरून किंवा वातानुकूलन यंत्राच्या गुंडाळीवरून ठिबकणाऱ्या पाण्यात तांब्याचा अंश असतो, आणि तो जस्त किंवा ॲल्युमिनियमवर पडला की त्या दोन धातूंमध्ये विद्युत-रासायनिक क्रिया सुरू होऊन मुलामा झपाट्याने जातो. ओले सिमेंट आणि चुन्याचा गिलावा यांचाही ॲल्युमिनियम व जस्तावर असाच परिणाम होतो, म्हणून भिंतीचे गिलावाकाम छपरावर सांडले तर ते वाळण्यापूर्वी धुवावे. ताम्रक्षार मुरवलेल्या लाकडी रिपांवर धातूचा पत्रा थेट टेकवू नये, मध्ये अलग करणारी पट्टी द्यावी. तांब्याच्या पाण्याची नळी थेट वळचणीच्या पन्हळीत न सोडता प्लॅस्टिकच्या नळीने जमिनीपर्यंत न्यावी, आणि खराब झालेला पत्रा त्यानंतरच बदलावा.